एकशे सव्वीस

पद्मजाबाईंनी तोंडातला थर्मामीटर काढून खिडकीच्या उजेडात तिरका धरला, "शंभर पॉइंट दोन? मला? काहीतरीच," असं त्यालाच सुनावलं आणि मनगटाला तीन सणसणीत झटके देऊन तो परत जिभेखाली घालण्याआधी नवऱ्याला सांगून टाकलं, "परवा मानसला लावला होता, तो झटकलाच नसणार कुणी. न झटकता लावला की मागच्याचाच ताप दाखवतो मेला." मग तोंड मिटून त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या, दोन मिनिटांनी पुन्हा पाहिलं आणि निकाल जाहीर केला. "अठ्ठ्याण्णव. बघा. उगाच दोन दिवस स्वतःला आजारी समजत होते मी." एवढं बोलून त्या उठल्या, शाल खांद्यावर ओढली आणि स्वयंपाकघरात मटार सोलायला निघून गेल्या. श्यामकांत पळसुले चहाचा कप हातात धरून जिथे होते तिथेच राहिले. जानेवारीतला रविवार होता, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरातल्या सगळ्या सरकारी क्वार्टरांप्रमाणे त्यांच्याही क्वार्टरात सकाळपासून वीज नव्हती, बाथरूममधल्या बादलीत इमर्शन रॉड मेल्यासारखा उभा होता. आयुष्यातल्या मोठ्या धक्क्यांसाठी त्यांनी रीतसर तयारी करून ठेवली होती. हार्ट अटॅकसाठी सकाळचं फिरणं होतं, निवृत्तीसाठी पुण्यातला प्लॉट होता, मुलानं, मानसनं, पंजाबी मुलगी आणली तर काय बोलायचं ती दोन वाक्यंसुद्धा तयार होती. पण बायकोच्या मनगटाच्या तीन झटक्यांसाठी कुठलीच तरतूद नव्हती. त्यांनी कप जमिनीवर ठेवला आणि स्वतःचं उजवं मनगट डाव्या हातात धरलं, नाडी बघावी तसं. त्यांना नाडी नको होती. एकवीस वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरमधल्या एका सकाळी या मनगटानं काहीतरी केलं होतं की नव्हतं, एवढंच हवं होतं, आणि मनगट गप्प होतं.

थर्मामीटर दोन जातींचे असतात. एक हवेबरोबर चढतो, उतरतो, त्याला स्वतःचं मत नसतं. दुसरा चढला की चढून बसतो. त्याच्या गळ्याशी काच आवळलेली असते, पारा त्यातून वर जातो पण आपणहून खाली येत नाही. घरोघरी तापाला लावतात तो त्याच जातीचा, आणि जमिनीत दोनशे मीटर खोल, जिथे डोकं घालून वाचता येत नाही, तिथली उष्णता मोजायलाही त्याच जातीचा त्याचा मोठा भाऊ वापरतात. पोलादी नळीत घालायचा, तारेनं बोअरमध्ये सोडायचा, अर्धा तास थांबायचं, वर ओढायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. ही सहा कामं श्यामकांतच्या भूगर्भ खात्याच्या पुस्तिकेत अनुक्रमांक घालून छापलेली होती. सातवं, म्हणजे पुढच्या वेळेसाठी झटकायचा, हे इतकं साधं होतं की छापायचं कुणाला सुचलं नव्हतं. एकवीस वर्षांपूर्वी हिमालयापलीकडच्या एका खोऱ्यात, साडेचौदा हजार फुटांवर, पहिल्या बोअरमध्ये थर्मामीटर सोडला तेव्हा एकशे सव्वीस अंश सेल्सियस आले. तिथे हवा इतकी विरळ की पाणी पंच्याऐंशीलाच उकळतं. तळावरच्या आचाऱ्यानं गरम झऱ्यात फडक्यात बांधून सोडलेले बटाटे चार चार तास कच्चे राहत. अशा जागी एकशे सव्वीस. झडप उघडली तेव्हा वाफेचा जो खांब उठला तो पाहून खेचरं पळाली होती. दुसऱ्या दिवशी दीड किलोमीटरवरच्या दुसऱ्या बोअरवर वारा इतका बोचरा होता की बोटं हातमोज्याबाहेर काढवत नव्हती. थर्मामीटर श्यामकांतच हाताळत, तळावरच्या दुसऱ्या कुणावर त्यांचा भरवसा नव्हता. नळी वर आली, त्यांनी काच पुसून वाचली. एकशे सव्वीस. एका अंशाचा फरक नाही. त्यांनी आकडा मोठ्यानं ओरडून सांगितला होता, सगळे नाचले होते, आणि त्या दोन दिवसांतलं सगळं, आचाऱ्याच्या स्वेटरचं भोकसुद्धा, आता डोळ्यांपुढे लख्ख होतं. पहिल्या बोअरवर आकडा लिहिला ते आठवत होतं. नळी पेटीत ठेवली ते आठवत होतं. लिहिणं आणि ठेवणं यांच्यामध्ये मनगटाला काही काम पडल्याचं आठवत नव्हतं. हात गारठले होते. बहुतेक त्यांनी विचार केला असणार, उद्या करू.

त्यानंतरची एकवीस वर्षं श्यामकांत पळसुले हे गृहस्थ एक गोष्ट समजावून सांगत आले होते. पावसाचं, बर्फाचं पाणी भेगांमधून खाली मुरतं, वर्षानुवर्षं मुरत राहतं, खोल तापलेल्या खडकाला जाऊन भिडतं आणि तापतं. वर चिकणमातीचं झाकण असतं म्हणून ते उकळून उडून जात नाही, दाबाखाली कोंडून राहतं. त्या झाकणाला भोक पाडा, वाफ वर येईल, वाफेवर चक्र फिरवा, चक्रावर वीज घ्या, आणि निवलेलं पाणी परत खाली सोडा म्हणजे ते पुन्हा तापून येईल. वाफेइतकं गरम नसेल तर त्या पाण्यावर दुसरा एखादा द्रव तापवा, जो कमी उष्णतेला उकळतो, आणि त्याच्या वाफेवर चक्र फिरवा. कोळसा नको, धूर नाही, ऊन मावळलं वारा पडला तरी अडत नाही, पृथ्वी संपेपर्यंत पुरेल. महाराष्ट्र मंडळाच्या कोजागिरीला त्यांनी हे सांगितलं होतं, मानसच्या मुंजीत सांगितलं होतं, आर. के. पुरमहून येणाऱ्या चार्टर्ड बसमध्ये शेजारी बसून लोकर विणणाऱ्या अंडर सेक्रेटरीबाईंना सांगितलं होतं, त्यांनी दोन सुलट एक उलट करता करता ऐकून घेतलं आणि विचारलं, "मतलब ज़मीन के नीचे गीज़र है?" एका जॉइंट सेक्रेटरीनं विचारलं होतं, दिल्लीत होईल का. श्यामकांतनी सांगितलं होतं, गुडगावच्या पुढे सोहन्याला गरम कुंड आहे सर, पण तिथे लोक खरूज धुतात, वीज होण्याइतकं ते तापत नाही. "तो थोड़ा और खोदिए," साहेब म्हणाले होते. या विद्येत प्रश्न दोनच: पाणी किती गरम आहे, आणि ते खाली कुठवर पसरलेलं आहे. पहिल्याचं उत्तर पहिल्या बोअरनं दिलं होतं. दुसऱ्याचं उत्तर दुसऱ्या बोअरनं दिलं होतं. दीड किलोमीटरवर तोच आकडा म्हणजे मधलं सगळं एकच प्रचंड तापलेलं कोठार. एका बोअरवर आंघोळीचं कुंड झालं असतं, सारख्याच दोन बोअरवर वीजकेंद्र उभं राहत होतं. निदान कागदावर राहत होतं, आणि अजून तिथेच होतं. दुसऱ्या बोअरमधून वाफ कधी आलीच नाही, कोमट धार यायची. श्यामकांतनी समजावून सांगितलं की क्षार साचून तोंड चोंदलंय. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते खरंच चोंदलं आणि मग सिमेंट ओतून बंद करावं लागलं, म्हणजे पुन्हा मोजायची सोय गेली. दोन्हींच्या मधोमध तिसरा बोअर घेतला तो सत्तरला थांबला. श्यामकांतनी समजावून सांगितलं की नेमकी भेग हुकली. प्रत्येक वेळी जमीन त्यांच्या कानाशी येऊन सांगत होती आणि प्रत्येक वेळी ते तिलाच समजावत होते. आता नवं युग आलं होतं. गुडगावात काचेच्या इमारती उगवत होत्या, प्रत्येकीच्या पाठीशी बसएवढा जनरेटर धडधडत होता, परदेशी कंपन्या ब्रीफकेसमधून वीजकेंद्रं आणत होत्या, आणि त्या खोऱ्याची फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर गेली होती. तिथे ती सुखानं मेली असती, तर श्यामकांतही सुखानं निवृत्त झाले असते.

पण त्या तळावर संघपाल रामटेके होता. भंडाऱ्याकडचा, तेव्हा तेहतीस वर्षांचा रसायनाचा माणूस, बाटल्यांवर चिठ्ठ्या लावताना जीभ दातांत धरणारा. पाण्यात खडकातली गारगोटी विरघळते, पाणी जितकं तापलेलं तितकी जास्त. तेव्हा वर आलेल्या पाण्यात ती किती आहे हे मोजलं की खाली ते किती तापून आलं ते कळतं. ते पाणी स्वतःचा ताप स्वतःच्या पोटात घेऊन येतं. संघपालनं दोन्ही बोअरचं पाणी तपासलं आणि पहिल्याचे एकशे तीसच्या आसपास काढले, दुसऱ्याचे अठ्ठ्याऐंशी. दोन आकडे समोरासमोर आले, एक साहेबाच्या थर्मामीटरचा आणि एक रामटेकेच्या बाटलीचा, आणि कुठला चुकला हे ठरवायला श्यामकांतना एक दुपारसुद्धा लागली नाही. अशा पाण्याचा नमुना जागच्या जागी साधं शुद्ध पाणी घालून पातळ करावा लागतो, नाहीतर गार होताना गारगोटी तळाशी बसते आणि आकडा खोटाच कमी येतो. रामटेकेनं पाणी घातलं नसणार. घातलं होतं, असं रामटेके म्हणत होता. पण त्या दिवशीची वहीतली नोंद ओल लागून पुसली गेली होती. श्यामकांतनी त्याच्या वार्षिक गोपनीय अहवालात ओळ लिहिली: सूक्ष्म कामात निष्काळजी. ती लिहिताना त्यांच्या मनात आकस नव्हता, हे त्यांनी तेव्हाही स्वतःला सांगितलं होतं. त्या ओळीनं रामटेकेची बढती नऊ वर्षं अडवली, मागाहून लागलेली पोरं त्याची साहेब झाली, आणि ऑफिसात एक विनोद जन्माला आला. चहा आला की कुणीतरी म्हणे, "क्यों रामटेके, पानी डाला?" सगळे हसत, रामटेकेही हसे. पाण्यावरून कुणी कुणाला काय ऐकवावं याला या देशात एक इतिहास आहे. तो त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हता, किंवा सगळ्यांनाच ठाऊक होता. श्यामकांत स्वतः हा विनोद करत नसत. ते फक्त हसत. आता संघपालच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि त्याच्या मुलीनं, क्रांतीनं, जी एका वकिलाच्या हाताखाली काम शिकत होती, बापाच्या सहीनं अर्ज टाकला होता की तो शेरा काढून टाकावा, म्हणजे बढतीची जुनी तारीख मिळेल आणि माणूस आपल्या हक्काच्या हुद्द्यावरून घरी जाईल. शेरा ज्यानं लिहिला त्याचा अभिप्राय मागवला होता. अर्ज महिनाभर श्यामकांतच्या टेबलावर होता, मुदत उद्याची होती, आणि त्यांनी मनात एक ओळ तयार ठेवली होती: बदलाची आवश्यकता दिसत नाही.

"अहो, जेवून जा," पद्मजाबाई आतून म्हणाल्या, तेव्हा ते बूट घालत होते.

"नोएडाला जाऊन येतो. रामटेकेकडे."

"आज? त्यांच्याकडे तर आपण कधीच गेलो नाही."

हे खरं होतं. एकवीस वर्षांत, एकाच खात्यात, मराठी माणसं म्हणून एकमेकांचे दिवाळीचे डबे फिरतात त्या शहरात, ते कधी गेले नव्हते.

दोन बस बदलाव्या लागल्या. दुसरी खासगी ब्लूलाइन होती, तिचा कंडक्टर दाराला लटकून "नोएडा नोएडा" असं ओरडत होता, आणि श्यामकांत खिडकीशी बसून निरनिराळ्या तऱ्हांनी ते वाक्य बोलून बघत होते. वाक्य लहान होतं. मी थर्मामीटर झटकला नव्हता. ते मनात म्हटलं की छातीत काहीतरी मोकळं होई आणि लगेच मागोमाग विचार येई, पण हे तुला कसं माहीत? पुरावा काय? मनगट? आपण आपल्याच विरुद्ध इतक्या बारकाईनं का वागतोय, याचं त्यांना नवल वाटलं; रामटेकेच्या वेळी पुरावा एका पुसलेल्या ओळीवर भागला होता. यमुनेच्या पुलावर धुकं होतं. पलीकडे शेतांत मध्येच उगवलेल्या चारमजली इमारती, मोहरीचं पिवळं शेत आणि त्याच्या कडेला बिल्डरचा फलक, त्यावर एक गोरं कुटुंब हिरवळीवर धावत होतं. या सगळ्या घरांना वीज लागणार, त्यांना वाटलं, आणि सवयीनं पुढचं वाक्यही आलं, की पृथ्वीच्या पोटात इतकी उष्णता आहे की. तिथे ते थांबले. ती आहेच. ते खोटं नव्हतं. पहिला बोअर खरा होता, अजूनही तिथे वाफ धुमसत असेल, कुणी न बघता. त्यांनी स्वतःचा आकडा मोठा केला नसता तर त्या एका बोअरवर एखादं लहानसं केंद्र, शंभर घरांपुरतं, कधीच उभं राहिलं असतं. लहान मागितलं असतं तर मिळालं असतं. त्यांनी आकडा तिथे नेऊन ठेवला जिथे जमीन त्याला पुरी पडू शकत नव्हती, आणि मग एकवीस वर्षं सगळे त्या न निघणाऱ्या वाफेची वाट बघत बसले. एका माणसाचा हुद्दा गेला हे तर होतंच. एक अख्खं खोरं त्यांनी गार करून ठेवलं होतं.

संघपाल तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उन्हात बसून शेंगा सोलत होता. मफलर कानाभोवती, समोर पेपरावर टरफलांचा ढीग. साहेबांना दारात बघून तो इतक्या घाईनं उठला की ढीग पसरला. "सर! अरे, तुम्ही काहून आले? बोलावलं असतं तर मीच आलो असतो न! क्रांतीची आई विहारात गेली आहे. क्रांती, खुर्ची आण, ती नको, गादीवाली." क्रांतीनं खुर्ची आणली. पंचविशीतली मुलगी, केस आखूड, बापाच्या नेमकी उलट, घाई नसलेली. "नमस्ते अंकल," ती म्हणाली आणि दारातच उभी राहिली, हाताची घडी घालून.

श्यामकांतनी चहा यायची वाट पाहिली नाही. सांगितलं. सकाळचं सगळं, पद्मजाचा ताप जो मानसचा निघाला तेही, पहिला बोअर, पेटी, गारठलेले हात. "म्हणजे दुसऱ्या बोअरचे एकशे सव्वीस हे दुसऱ्याचे नव्हतेच, रामटेके. पहिल्याचेच होते. तुझे अठ्ठ्याऐंशी बरोबर होते." आणि सांगून झाल्यावर ते वाट बघत बसले. काय होईल याच्या त्यांनी बसमध्ये तीन कल्पना केल्या होत्या: संघपाल ओरडेल, संघपाल रडेल, संघपाल उठून आत निघून जाईल.

संघपाल हसला. मायेनं, आजाऱ्याकडे बघून हसावं तसा. "छे, सर. जाऊ द्या न. तुमच्या हातून असं होतच नाही. तुम्ही चहाचा चमचासुद्धा झटकून ठेवता, मी पाह्यलं आहे. चूक माझीच होती. सुरुवातीला मलाही वाटे की पाणी घातलं होतं म्हणून. सात-आठ वर्षं वाटत होतं. मग एकदा शांतपणे बसून विचार केला. वारा होता, बाटल्या बारा होत्या, मी घाईत होतो. नसेल घातलं. मग एकदम हलकं वाटलं, सर. तेव्हापासून फरीदाबादला नवी पोरं ट्रेनिंगला येतात न, त्यांना पहिला तास मी हाच घेतो. नमुना कसा घेऊ नये. फळ्यावर लिहितो, रामटेके, अठ्ठ्याऐंशी. पोरं हसतात, पण विसरत नाहीत. माझ्या एका चुकीवर दोनशे पोरं शिकली."

"पण ती चूकच नव्हती!" श्यामकांतचा आवाज चढला. स्वतःच्या बाजूनं ते असे कधी चिडले नव्हते.

"तुम्ही मनाचे मोठे, म्हणून येऊन सांगून राहिले," संघपाल म्हणाला आणि सोललेले दाणे त्यांच्या हातावर ठेवले. "खा. भरूचच्या शेंगा आहेत."

श्यामकांतना हातातले दाणे दिसत होते पण त्यांचं काय करायचं ते सुचत नव्हतं. माणूस खरं घेऊन दारात उभा राहतो आणि घरात ते ठेवायला जागाच नाही. एकवीस वर्षांत संघपालनं त्या जागेवर दुसरं काही बांधून घेतलं होतं, त्यांच्याच विटा वापरून, नीटनेटकं, राहण्याजोगं. ते पाडायला श्यामकांत आले होते, आणि घरमालक त्यांना पाणी विचारत होता.

"बाबा, एक मिनिट," दारातून क्रांती म्हणाली. "अंकल, आत्ता जे बोललात ते लिहून देता?"

"क्रांती..."

"नाही बाबा, तुम्ही बोललात, आता मी. अंकल, बाबांना कन्विन्स नका करू. ते होणार नाहीत, मी दहा साल से ट्राय करतेय. उद्या कमेंट्सची लास्ट डेट आहे. तुम्ही फक्त लिहा. की थर्मामीटर सेट न करता टाकला, रीडिंग चुकलं, रिमार्क चुकीचा होता. बस. तीन लाइन."

"देतो की," श्यामकांत म्हणाले. "बिल्कुल देतो. त्यासाठीच आलोय."

ते अगदी मनापासून म्हणाले होते. तिनं पॅड आणलं, पेन आणलं, टरफलं बाजूला सारून टेबल पुसलं. श्यामकांतनी पेन उघडलं. वाक्य तयार होतं, बसमध्ये पन्नासदा घोकलेलं. त्यांनी पॅडवर तारीख घातली. विषय लिहिला, संदर्भ लिहिला, संदर्भाखाली रेघ मारली. मग त्या कोऱ्या जागेकडे बघताना त्यांच्या लक्षात आलं की चौतीस वर्षांत त्यांनी या हातानं एवढी कागदपत्रं लिहिली, पण एकातही कुणी काही केलं असं लिहिलेलं नव्हतं. सगळं झालेलं होतं. आढळून आलेलं होतं, निदर्शनास आलेलं होतं, विचाराधीन होतं. त्यांनी पहिला शब्द मनात म्हटला. मी. आणि तो शब्द ऑफिसच्या कॉरिडॉरमधून चालत जाताना दिसला, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, चहाबरोबर, आणि लॉनवर उन्हात बसलेल्या मंडळींच्या घोळक्यात. निवृत्तीला सात महिने होते. निरोपाच्या समारंभात कोणीतरी बोलायला उठेल. "पळसुले साब, झटका?" एवढंच म्हणतील, आणि सगळे हसतील. पुढे पुण्यापर्यंत ते त्यांच्या पाठीमागे येईल. संघपालसारखं त्यांनाही हसावं लागेल. त्यांना ते जमणार नाही हे त्यांना अगदी स्वच्छ कळलं; त्यासाठी जे काही आत लागतं ते त्यांच्यात नव्हतं, कधीच नव्हतं, आणि म्हणूनच बहुधा त्या दुपारी दोन आकड्यांमधला आपला निवडायला इतका कमी वेळ लागला होता. एवढं कळल्यावर थांबता आलं असतं. पण हात चालू लागला होता. सरकारी इंग्रजीत तो सुरेख चालला, एकदाही अडखळला नाही. लिहून झाल्यावर त्यांनी सही केली आणि कागद क्रांतीला दिला.

तिनं वाचला. मग बापासाठी मराठीत, अडत अडत, मोठ्यानं वाचला. "इतक्या काळानंतर सदर मापनाविषयी निश्चित विधान करणं कठीण आहे. तथापि दुसऱ्या मापनापूर्वी उपकरण पूर्वस्थितीत आणलं गेलं नसण्याची शक्यता सर्वस्वी नाकारता येत नाही. त्याचप्रमाणे नमुन्यांच्या हाताळणीत त्रुटी राहिली असण्याची शक्यताही नाकारता येत नाही. सबब सक्षम अधिकाऱ्यांनी योग्य तो निर्णय घ्यावा." ती थांबली. "अंकल, हे दुसरं कुठून आलं? हे तर तुम्ही बोललाच नव्हता."

"ते... असं असतं क्रांती. दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. एकच बाजू लिहिली तर ते शंका घेतात."

"अच्छा. आणि बाबांच्या टाइमला? तेव्हा शक्यता नव्हती लिहिली. निष्काळजी लिहिलं होतं. सीधा."

श्यामकांतनी पेनला टोपण लावलं. खाली कुणाच्या तरी दुकानाचा जनरेटर सुरू झाला. "दुसरा लिहू का?" असं ते शेवटी म्हणाले, आणि ते इतकं हळू म्हणाले की ऐकू येऊ नये अशी त्यांची इच्छा आहे हे तिघांनाही ऐकू आलं.

"बस क्रांती," संघपाल म्हणाला. त्यानं कागद तिच्या हातातून घेतला, चष्मा लावून स्वतः सावकाश वाचला, बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तसा जीभ दातांत धरून, आणि मान डोलावली. "छान लिहिलं आहे, सर. कुणालाच लागत नाही."

क्रांतीनं कागद परत घेतला, नीट चौघडी घातली आणि श्यामकांतच्या समोर ठेवला. "हे तुमच्याकडेच असू द्या, अंकल. मला याचं काही करता नाही येणार." आणि ती चहा बघायला आत गेली. चहा आला, तो त्यांनी प्यायला.

संघपाल नको म्हणता म्हणता बसपर्यंत सोडायला आला. वाटभर तो सोसायटीविषयी बोलत होता, पाणी सकाळी एकच तास येतं, लिफ्ट अजून बसवली नाही, पण ऊन चांगलं आहे. बस आली तेव्हा त्यानं आत चढून, गर्दीतून वाट काढून, एका पोरसवद्याला उठवून खिडकीची जागा मिळवली, "साहब को आय.एन.ए. पर उतार देना, भैया," असं कंडक्टरला दोनदा बजावलं आणि खाली उतरून खिडकीशी आला. "सर, मनाला लावून घेऊ नका. तुम्ही घरी आले, हेच खूप झालं." बस हलली. श्यामकांतनी हात केला. खिशातला कागद बरगडीशी कुरकुरत होता. तो उद्या टाइप करून पाठवायला हवा, अभिप्राय तर द्यायलाच हवा होता, आणि नवा लिहायची आता गरज नव्हती. तो त्यांनी मनातल्या मनात पुन्हा एकदा वाचला. दुसऱ्या वाक्यात एक 'कदाचित' राहून गेला होता, तो टाइप करताना घालावा, असं त्यांना वाटलं. काचेतून ऊन येत होतं, सीट ऊबदार झाली होती, आणि यमुनेचा पूल यायच्या आधीच त्यांना गाढ झोप लागली.